पहिली आगगाडी आणि एक तुटका बोल्ट

(वाचकांचे प्रश्न : उत्तरे देत आहेत भुसावळच्या लोको शेडमधून निवृत्त झालेले बॉयलर फिटर)

प्रश्न : माझा नातू स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. एका पुस्तकात पहिली आगगाडी 1825 सालची, स्टीफन्सनची, असं दिलंय. दुसऱ्यात 1804, वेल्स, ट्रेव्हिथिक. खरं कोणतं धरायचं? आणि 1804 चं खरं असेल तर मधली एकवीस वर्षं ही गाडी गेली कुठे?
– एक वाचक, अमळनेर

दादा, नातवाला म्हणावं, प्रश्न नीट वाच आणि मग खूण कर. वाफेच्या इंजिनाने रुळावरून माल ओढला तो पहिल्यांदा 21 फेब्रुवारी 1804 ला. दक्षिण वेल्समधल्या मर्थर टिडफिल गावच्या पेनिडॅरेन लोखंड कारखान्यातून अ‍ॅबरकनन इथल्या कालव्याच्या धक्क्यापर्यंत. 1825 ची इंग्लंडमधली स्टॉक्टन-डार्लिंग्टन ही सर्वांसाठी खुली असलेली आणि इंजिन वापरणारी पहिली रेल्वे. दोन्ही उत्तरं बरोबर, प्रश्न वेगवेगळे.

मर्थर म्हणजे तेव्हा वेल्समधलं सगळ्यात मोठं गाव. 1801 च्या शिरगणतीत वस्ती किती, तर 7,705. आज आपल्याकडच्या बाजाराच्या गावाएवढी! पण लोखंडाचे चार मोठे कारखाने तिथे धगधगत होते. कालव्यावर वरचष्मा क्रॉशे नावाच्या कारखानदाराचा, म्हणून बाकीच्या तिघांनी 1802 मध्ये शेजारून घोड्यांनी ओढायच्या वाघिणींची (मालडब्यांची) वाट टाकली. पेनिडॅरेनचा मालक सॅम्युअल होमफ्री याने क्रॉशेशी 500 गिनींची पैज लावली, की माझं इंजिन दहा टन लोखंड अ‍ॅबरकननपर्यंत नेईल. इंजिन बनवणारा रिचर्ड ट्रेव्हिथिक, कॉर्नवॉलचा, खाणींच्या मुलखात वाढलेला.

दुसऱ्या दिवशी त्याने मित्राला पत्र लिहिलं. ते वाचताना मला आमच्या शेडचं रजिस्टर आठवतं. दहा टन लोखंड, पाच वाघिणी आणि वर बसलेली 70 माणसं. (फुकटची गाडी दिसली की चढणारच. माणूस सगळीकडे सारखाच.) नऊ मैलांहून जास्त वाट, म्हणजे भुसावळ-जळगावच्या साधारण दोन तृतीयांश. वेळ 4 तास 5 मिनिटं. कारण मध्येच झाडं तोडावी लागली, मोठाले दगड बाजूला करावे लागले. चालताना वेग मात्र ताशी पाच मैलांच्या आसपास. कोळसा दोन हंड्रेडवेट, म्हणजे साधारण शंभर किलो. बॉयलरमध्ये वाटेत पाण्याचा थेंब घालावा लागला नाही.

आणि मग परतीची गोष्ट. धक्क्यापासून चारेक मैलांवर अ‍ॅक्सल (चाकांचा आस) बॉयलरला धरून ठेवणारा एक लहानसा बोल्ट तुटला आणि बॉयलरमधलं सगळं पाणी वाहून गेलं. इंजिन जागीच उभं, घरी पोचलं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. एवढी मोठी पैज, एवढी माणसं, आणि अडलं कशापाशी? बोटाएवढ्या बोल्टापाशी. आम्ही हातोडीने बोल्ट वाजवून बघायचो. खणखणला की पुढे, भद्द आवाज आला की कॉटर पिन (बोल्ट सुटू न देणारी खीळ) काढून पहिल्यापासून. तिथे हातोडी घेऊन कोणी फिरला होता की नाही, हे मला फार विचारावंसं वाटतं.

आता तुमची एकवीस वर्षं. त्यात इंजिनाचा दोष नाही, वाटेचा आहे. रूळ म्हणजे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतून केलेल्या काटकोनी पट्ट्या. बीड ठिसूळ. इंजिन सुमारे पाच टनांचं. आमच्या मालगाडीच्या डब्ल्यूजी इंजिनाच्या एकेका अ‍ॅक्सलवर साडेअठरा टन यायचे, म्हणजे हे तर पोरगंच. तरी त्याच्याखाली पट्ट्या फुटू लागल्या. थोड्याच फेऱ्यांत इंजिन उतरवलं आणि घोडे परत आले. स्टीफन्सनच्या वेळेपर्यंत लोहाराच्या घडीव लोखंडाचे रूळ निघाले होते, ते त्याने स्टॉक्टनला वापरले. माझ्या मते इंजिनाइतकंच श्रेय त्या रुळांना द्यावं. वापरलेली वाफ धुराड्यात सोडायची, म्हणजे आग फुलते आणि झुकझुक आवाज येतो, हे तर ट्रेव्हिथिकने 1804 लाच केलं होतं.

प्रश्न : ट्रेव्हिथिक जास्त दाबाची वाफ वापरायचा, म्हणजे बॉयलर फुटण्याची भीती. त्याला ती वाटत नव्हती का?
– एक वाचक, चाळीसगाव

वाटायलाच हवी होती. 1803 मध्ये लंडनजवळ ग्रीनिच इथे त्याचंच एक पंपाचं इंजिन फुटलं, चार माणसं गेली. देखरेखीला ठेवलेला पोरगा वाम मासे धरायला गेला. दुसऱ्या एका मजुराने इंजिन बंद केलं, पण जादा वाफ सोडणाऱ्या झडपेचा दांडा पान्याने दाबून ठेवला होता, तो पाना काढलाच नाही. वाफ जाणार कुठून? त्यानंतर ट्रेव्हिथिकने बॉयलरला शिशाची खुंटी बसवायला सुरुवात केली. पाणी कमी झालं की शिसं वितळतं, वाफ आगीवर येते आणि फायरमनला कळतं.

हाच आमचा लेड प्लग. पुढे फायरबॉक्सच्या (कोळसा जळतो त्या पेटीच्या) माथ्यावर तो असायचाच. 1971 मध्ये मी शेडमध्ये खलाशी (मदतनीस) म्हणून लागलो तेव्हा आमचे मिस्तरी धुळ्याकडचे, बोली अहिराणी. ते बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर बोट ठेवून रोज एकच सांगायचे, "पानी दख, मंग बाकी बठ्ठं." (आधी पाणी बघ, मग बाकी सगळं.) निवृत्त होताना त्यांनी मला एक वितळलेला लेड प्लग दिला. तो आमच्या देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात आहे. सूनबाई दर दिवाळीला विचारते, भंगारात देऊ का?