पन्नाशीत पुढे आलेली नटी, असं म्हणू नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. सत्ताविसावं लागलं, दिवसभर बँक, संध्याकाळी तालीम, आणि मालिकांच्या ऑडिशनला बोलावणं येतं ते कॉलेजातल्या पोरींना. नोकरी सोडू की नाटक सोडू, हा तुझा प्रश्न. आणि शेवटी स्वतःचीच समजूत घातल्यासारखं लिहिलंयस, ‘इंग्लंडमधली ती नटी ब्रेंडा ब्लेथिन तर पन्नाशीत पुढे आली.’ ते वाक्य मला खटकलं. उत्तर फोनवर न देता लिहायला बसले ते त्यासाठीच.

तारखा बरोबर आहेत. बाईंचा जन्म 1946 चा. दिग्दर्शक माइक लीच्या ‘सिक्रेट्स अँड लाइज’ या चित्रपटासाठी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला 1996 मध्ये. पन्नास वर्षं पुरी. पण हा हिशेब करताना त्याआधीची वीसेक वर्षं तू सरळ वगळलीस.

केंटमधलं रॅम्सगेट हे समुद्रकाठचं गाव. नऊ भावंडांतलं हे शेंडेफळ, घरी पैशाची ओढाताण. शिक्षण संपलं तशी लघुलेखन आणि हिशेबाच्या जोरावर बँकेत लागली, मग ब्रिटिश रेल्वेत सेक्रेटरी. तिथल्या हौशी नाट्यमंडळात तिला नाटकाची गोडी लागली. आपल्याकडे बँका, रेल्वे, एसटीतली किती माणसं ऑफिस सुटल्यावर राज्य नाट्य आणि कामगार कल्याणच्या स्पर्धांच्या तालमीला पळतात! तुला हे चित्र नवीन नाही. फरक पुढच्या पायरीचा आहे. तिने पगारातून पैसे बाजूला टाकले आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, लग्न मोडण्याच्या सुमारास, गिल्डफर्डच्या अभिनयशाळेत रीतसर शिकायला गेली. म्हणजे वय साधारण तुझंच.

तिथून लंडनचं नॅशनल थिएटर. 1980 मध्ये बीबीसीसाठी माइक लीचाच ‘ग्रोन-अप्स’ हा टीव्ही चित्रपट. त्यातली ग्लोरिया ऊठसूट बहिणीच्या घरी येऊन बसते. तिच्या लाघवीपणाचाच जाच होतो. ही भूमिका पाहिल्यावर पुढच्या सगळ्याचं मूळ सापडतं. 1981 मध्ये ‘स्टीमिंग’ हे नाटक, त्यासाठी ऑलिव्हिए या लंडनच्या नाट्यपुरस्काराचं नामांकन. मग चॅनल फोरवर सायमन कॅलोबरोबर ‘चान्स इन अ मिलियन’ ही विनोदी मालिका. कानच्या परीक्षकांनी तिची दखल घेतली तोवर ती वीसेक वर्षं या धंद्यात मुरलेली होती. उशिरा पोचली ती प्रसिद्धी. बाई आपल्या वेळेवर कामाला लागली होती.

आता त्या पुरस्काराच्या कामाबद्दल. ‘सिक्रेट्स अँड लाइज’मधली तिची सिंथिया ही पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात राबणारी बाई. सोळाव्या वर्षी झालेलं मूल तिने न बघताच दत्तक दिलेलं. ती मुलगी, हॉर्टेन्स, मोठी होऊन आईला शोधत येते आणि ती कृष्णवर्णीय असते. लीची पद्धत तुला माहीत असेल. हातात संहिता नसते. कित्येक महिने इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे पात्रात शिरून संहितेशिवाय प्रसंग उभे करणं, चालतं आणि पात्राला जेवढं ठाऊक, तेवढंच नटाला सांगितलं जातं. तालमीत हॉर्टेन्स झालेली मरिआन जाँ-बाप्टिस्ट समोर येईपर्यंत आपली ‘मुलगी’ कोण आहे, हे ब्लेथिनलाही माहीत नव्हतं. तो धक्का त्या तालमीचा. पडद्यावर दिसतं ते मात्र नंतर घोटून, बसवून, पक्कं केलेलं काम आहे, हे विसरू नकोस. इम्प्रोव्हायझेशन म्हणजे सुचेल ते बोलणं, असं तुमच्या ग्रुपमध्ये मानतात म्हणून मुद्दाम सांगते.

या आई-मुलीचा कॅफेतला प्रसंग बघ. रिकामा कॅफे, दोघी टेबलाच्या एकाच बाजूला शेजारी शेजारी, कॅमेरा हलत नाही, आठेक मिनिटं एकही कट नाही. सुरुवातीला सिंथियाच त्या पोरीची समजूत काढते, काहीतरी घोटाळा झालाय गं राणी, मी तुझी आई असणं शक्यच नाही. आवाजात माया आहे, थोडी गंमतही. आणि मग बोलता बोलता काहीतरी आठवतं. ब्लेथिन तिथे रडायची घाई करत नाही. आधी चेहरा थांबतो. मग ती शेजारच्या मुलीकडे पाठ वळवते, तिला तोंड दाखवायची लाज वाटते. रडू त्यानंतर येतं. तुझ्या गेल्या एकांकिकेत तू एंट्रीलाच डोळे भरून आलीस. प्रेक्षकांना वाट बघायला काही उरलंच नाही.

सगळंच तिचं मला आवडतं असं नाही. ‘लिटल व्हॉइस’ या चित्रपटातली आई मला जरा चढी वाटते. ऑस्करवाल्यांना वाटली नाही, त्यांनी नामांकन दिलं. उलट 2005 च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ चित्रपटातली मिसेस बेनेट बघ. या बाईला नेहमी हसण्यावारी नेतात. ब्लेथिनने तिच्यात खरी धास्ती भरली. पाच मुली, नवऱ्यामागे घर दूरच्या नातेवाइकाकडे जाणार. ओरडेल नाही तर काय करेल? आपल्या कितीतरी मावश्या-आत्या आठवतात.

आणि ‘व्हेरा’. 2011 मध्ये आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर ही मालिका सुरू झाली तेव्हा बाई पासष्टच्या. अॅन क्लीव्हजच्या कादंबऱ्यांतली नॉर्दम्बरलंडची पोलीस अधिकारी. चुरगळलेली टोपी, ढगळ रेनकोट, जुनी लँड रोव्हर. मूळची दक्षिणेकडची, पण ईशान्य इंग्लंडचा हेल तिने भूमिकेसाठी कमावला. चौदा पर्वं झाली, शेवट झाला जानेवारी 2025 मध्ये. आपल्या मालिकांत त्या वयाच्या नटीला देवघरासमोर बसवतात. याचा मलाही राग येतो, पण तुझी आजची अडचण ती नाही.

तर नोकरीचं. आत्ता राजीनामा देऊ नकोस. तिचा क्रम बघ: आधी साठवलं, मग शिकली, मग उडी मारली. वर्षभराचं भाडं आणि डबा निघेल एवढे पैसे वेगळ्या खात्यात टाक, त्याला हात लावायचा नाही. तोवर पुण्याचं ललित कला केंद्र, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय (एनएसडी), या नाटक शिकवणाऱ्या संस्थांचे प्रवेशाचे नियम आणि वयाच्या अटी वाचून काढ. तिथे जमलं नाही तर चांगल्या दिग्दर्शकाकडे दोन वर्षं रोज तालमीला जाता येईल का, ते बघू. मी दोघांशी बोलू शकते. मालिकेच्या ऑडिशनला खुशाल जा, पण त्यासाठी रजा वाया घालवू नकोस. रजा तालमीसाठी लागेल.

आणि काउंटरवर बसतेस तेव्हा मान वर ठेव. पासबुक भरायला येणारी आणि व्याज जमा झालं का, हे तीनदा विचारणारी बाई तिसऱ्यांदा विचारताना हात कुठे ठेवते, ते मला सांग.

कॅफेचा प्रसंग एकदा आवाज बंद करून बघ, मग आवाजासकट. शनिवारी तालमीला येशील तेव्हा एकांकिकेतली तुझी एंट्री पुन्हा बसवू. आईबाबांना नमस्कार.

तुझी,
ताई