नाव नसलेली फ्रेम कोणाची? जुन्या ब्रिटिश रेसिंग सायकलींविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहतो. एका जुन्या घराची आवराआवर चालू असताना मला तेथे रेसिंग सायकलची एक फ्रेम मिळाली. तिला नंतर कोणीतरी निळा रंग दिलेला आहे. कंपनीचे नाव किंवा बिल्ला कोठेही नाही. आसनाखालच्या नळीवर ‘रेनॉल्ड्स ५३१’ची पट्टी तेवढी आहे. बॉटम ब्रॅकेटची (जिच्यात पॅडलचा आस बसतो ती) नळी ६८ मिलिमीटर रुंद असून मागच्या चाकाची जागा ११४ मिलिमीटर भरते. पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या उजव्या पायावर दिव्यासाठी आणि उजव्या चेन-स्टेवर (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर) कशासाठी तरी एकेक लहान गुटका झाळलेला आहे. ही फ्रेम ब्रिटिश आहे का, आणि ती कोणी व केव्हा बनवली हे कसे ठरवावे?

उत्तर : आपण मापे घेऊन पाठवलीत, त्यामुळे उत्तर देणे पुष्कळ सोपे झाले. अशा फ्रेमची चौकशी करताना बहुतेक जण आधी रंग आणि पट्टी पाहतात. माझा आग्रह असा, की सुरुवात धातूपासून करावी आणि नावाकडे सर्वांत शेवटी वळावे. रंग बदलतो, पट्टी बदलते, अपघातानंतर चिमटाही बदललेला असू शकतो. परंतु नळ्यांचे व्यास, आटे आणि झाळकाम या गोष्टी बनवणाऱ्याने एकदाच ठरवलेल्या असतात व त्या सहसा तशाच राहतात.

प्रथम त्या पट्टीविषयी. बर्मिंगहॅमच्या टायस्ली भागातील रेनॉल्ड्स कारखान्याने मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची ५३१ ही नळी १९३५मध्ये बाजारात आणली, म्हणून ५३१ नळ्यांची फ्रेम त्याआधीची असणे शक्य नाही. पट्टीवरून यापेक्षा अधिक काही सिद्ध होत नाही, कारण फ्रान्समधील प्यूजोसारख्या कंपन्याही हीच नळी वापरत असत, आणि हुबेहूब नव्याने छापलेल्या पट्ट्या आज कोणालाही विकत मिळतात. तेव्हा पट्टी बाजूला ठेवून व्हर्नियर कॅलिपर हाती घ्यावा. ब्रिटिश मापाच्या फ्रेममध्ये वरची आडवी नळी एक इंचाची, म्हणजे २५.४ मिलिमीटरची असते, तर खालची तिरपी नळी आणि आसनाखालची नळी या दोन्ही एक इंच एक सूत, म्हणजे २८.६ मिलिमीटरच्या असतात. जुन्या फ्रेंच मापात हेच आकडे २६ आणि २८ येतात. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असल्यामुळे, रंगाचे दोन-तीन थर चढलेले असतील तर तेवढी जाडी वजा करूनच निष्कर्ष काढावा. त्यानंतर आसनाची दांडी कोणत्या जाडीची बसते ते पाहावे. २७.२ मिलिमीटरची दांडी नीट बसली, तर नळी टोकाला जाड आणि बाकी लांबीत पातळ अशा ‘बटेड’ प्रकारची, म्हणजे हलक्या व महाग प्रतीची आहे असे समजावे. या बनावटीचे पेटंट रेनॉल्ड्सने १८९७मध्ये घेतले होते. दांडी त्याहून बारीक लागत असेल, तर नळी जाड भिंतीची, साध्या प्रतीची असण्याचा संभव अधिक.

देश ओळखण्याचा सर्वांत भरवशाचा पुरावा आट्यांमध्ये असतो. बॉटम ब्रॅकेटचे कप, म्हणजे बेअरिंग धरणाऱ्या आटेदार वाट्या, काढून पाहिले असता ब्रिटिश फ्रेममध्ये व्यास १.३७ इंच, दर इंचाला २४ आटे, आणि चेनच्या बाजूचा, म्हणजे उजवा कप उलट्या आट्यांचा आढळतो. इटालियन फ्रेममध्ये व्यास ३६ मिलिमीटर, नळीची रुंदी ७० मिलिमीटर आणि दोन्ही कप सुलट्या आट्यांचे असतात. फ्रेंच फ्रेममध्येही दोन्ही बाजू सुलट्याच, पण व्यास ३५ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधील अंतर १ मिलिमीटर असते. आपली ६८ मिलिमीटरची रुंदी ब्रिटिश मापाशी जुळते, पण फ्रेंच नळीही तेवढीच रुंद असते, म्हणून उजवा कप कोणत्या दिशेने सुटतो हे पाहिल्याशिवाय थांबू नये. (हा कप घट्ट बसलेला असतो. आदल्या रात्री पातळ तेल सोडून ठेवावे आणि योग्य पान्याखेरीज त्याला हात लावू नये.) पुढे जपानी आणि इतर देशांतील कारखान्यांनीही ब्रिटिश आटे स्वीकारले, त्यामुळे सत्तरच्या दशकानंतरच्या फ्रेमविषयी केवळ आट्यांवरून निर्णय देता येत नाही; आपली फ्रेम मात्र त्याहून बरीच जुनी दिसते.

असे म्हणण्याचे कारण ते दोन गुटके आहेत, आणि या संपूर्ण प्रश्नात मला सर्वांत मोलाचे तेच वाटतात. इंग्लंडमध्ये रस्त्यावर सर्व स्पर्धकांनी एकत्र सुटण्याच्या शर्यतींना नॅशनल सायक्लिस्ट्स युनियनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मनाई केलेली होती. त्यामुळे तेथे वेगळीच परंपरा रुजली : पहाटे, आडवाटेच्या रस्त्यावर, एकेका स्वाराला ठरावीक अंतराने सोडून त्याची वेळ मोजायची. हे स्वार बहुतांशी नोकरदार आणि कामगार असत. शर्यतीच्या ठिकाणी ते त्याच सायकलवरून अंधारात जात, शर्यतीची हलकी चाके पुढच्या आसाला बांधलेल्या कड्यांवर उभी अडकवून नेत, आणि तेथे पोहोचल्यावर मडगार्ड व दिवा काढून चाके बदलत. म्हणून त्या काळातील ब्रिटिश रेसिंग फ्रेमवर दिव्याचा गुटका आणि मडगार्डची छिद्रे आढळतात. निव्वळ शर्यतीसाठी बनलेल्या इटालियन फ्रेमवर दिव्याची अशी सोय दिसणे दुर्मीळ आहे.

चेन-स्टेवरील गुटका बहुधा बर्मिंगहॅमच्या सायक्लो कंपनीच्या गिअरसाठी असावा. हा गिअर चाकाच्या आसापाशी न लटकता चेन-स्टेवर बसवला जाई आणि त्यासाठी फ्रेम बनवतानाच तेथे गुटका झाळत. पन्नासच्या दशकात कॅम्पॅग्नोलो आणि सिम्प्लेक्स या कंपन्यांचे, चाकाच्या खाचेपाशी अडकवायचे गिअर लोकप्रिय झाले आणि हा गुटका नाहीसा होत गेला. मागची ११४ मिलिमीटरची जागाही याच काळाकडे बोट दाखवते : मागच्या चाकावर एकच दाताळे (दातेरी चक्र) असलेल्या फ्रेममध्ये ही जागा साधारण ११० मिलिमीटर, पाच दाताळ्यांच्या फ्रीव्हीलसाठी १२० आणि सहासाठी १२६ असे; ११४ हे तीन किंवा चार दाताळ्यांचे माप होय. (मागच्या नळ्या नंतर फाकवता येतात, म्हणून हे माप एकटे कधीच प्रमाण मानू नये.) हे सर्व एकत्र पाहता, उजवा कप उलट्या आट्यांचा निघाल्यास, आपली फ्रेम ब्रिटिश असून दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे, बहुधा १९४५ ते १९५५ या काळात, एखाद्या क्लबच्या स्वारासाठी बनलेली असावी, असे माझे मत आहे.

आता बनवणाऱ्याचे नाव. काही कारागिरांची फ्रेम नावावाचून दुरूनही ओळखू येते. टॉटनहॅमच्या हेचिन्स यांच्या मागच्या नळ्या नागमोडी असतात, बेट्स यांच्या चिमट्याला दुहेरी बाक असतो आणि ‘कँटिफ्लेक्स’ नळ्या मध्यभागी फुगीर असतात, ब्रॅडफर्डच्या बेन्स यांच्या ‘फ्लाइंग गेट’मध्ये आसनाखालची नळी जवळजवळ उभी असते, आणि क्लॉड बटलर यांच्या युद्धोत्तर फ्रेमपैकी काहींमध्ये तयार लगऐवजी (लग म्हणजे नळ्यांची टोके जिच्यात बसवून झाळतात ती सांध्याची बाही) नक्षीदार पत्र्याचे वेष्टण नळीवर झाळून सांधा पितळाने भरलेला दिसतो. आपल्या वर्णनात असे काही नाही, तेव्हा ओळख बारकाव्यांवरून पटवावी लागेल. लगच्या कडा किती पातळ घासल्या आहेत, सीट-स्टेची, म्हणजे आसनापासून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळ्यांची, वरची टोके आसनाच्या लगला कशी जोडली आहेत, त्या टोकांवरची टोपी सपाट आहे, खोलगट आहे की लगला वळसा घालून गेली आहे, हे पाहावे. सीट-स्टेची ही टोके म्हणजे कारागिराची सहीच. लगचा नमुना मात्र फसवा असू शकतो. उदाहरणार्थ, ‘नेर्व्हेक्स प्रोफेशनल’ हा सुंदर वळणांचा फ्रेंच लग पन्नासच्या दशकापासून कित्येक ब्रिटिश कारागिरांनी वापरला आणि प्यूजोच्या पीएक्स-१० या फ्रेंच सायकलवरही तोच होता.

फ्रेमवर ठोकलेला क्रमांक शोधण्यासाठी बॉटम ब्रॅकेटचा तळ, आसनाच्या लगची मागची बाजू आणि मागच्या चाकाच्या खाचांचे पृष्ठभाग रॉकेलच्या फडक्याने पुसून तिरप्या उजेडात पाहावेत. मग चिमटा खाली काढून त्याच्या दांड्यावरही क्रमांक आहे का ते पाहावे. दोन्हीकडे एकच क्रमांक असेल, तर चिमटा मूळचा आहे हे सिद्ध होते आणि फ्रेमचे मोल लगेच वाढते. क्रमांकाची लांबी, अंकांचा आकार आणि जागा यांवरूनही जाणकारांना पुष्कळ कळते. १९५५मध्ये स्थापन झालेल्या व्हेटरन-सायकल क्लबमध्ये एकेका कारागिराच्या फ्रेमचा अभ्यास करणारे सभासद आहेत आणि जुन्या कॅटलॉगांचा मोठा संग्रहही आहे. मापे आणि स्वच्छ छायाचित्रे त्यांच्याकडे पाठवावीत.

एक गोष्ट कळकळीने सांगतो : तोवर निळा रंग खरवडू नका, आणि वाळूच्या माऱ्याने तर मुळीच काढू नका. हेडसेटच्या (चिमटा ज्यावर फिरतो त्या बेअरिंगच्या) कपाखाली, बॉटम ब्रॅकेटच्या आत आणि दिव्याच्या गुटक्याच्या सांदीत मूळ रंग बहुधा शिल्लक असतो. पुढच्या नळीवर बिल्ल्याच्या खिळ्यांची छिद्रे रंगाखाली बुजलेली असू शकतात, आणि त्यांच्यातील अंतर हासुद्धा बनवणाऱ्याचा माग काढण्याचा एक दुवा असतो. एवढे करूनही नाव कळले नाही, तर निराश होऊ नये. त्या काळी एकच कारागीर अनेक दुकानांसाठी फ्रेम बनवत असे आणि दुकानदार तिच्यावर स्वतःचे नाव लावत, त्यामुळे ‘कोणी बनवली’ आणि ‘कोणाच्या नावाने विकली’ या दोन प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा वेगळी येतात. अशा फ्रेमवर एखादे प्रसिद्ध नाव अंदाजाने रंगवून घेणे मला सर्वथा अयोग्य वाटते, कारण पुढच्या अभ्यासकाची वाट त्याने कायमची चुकते.

प्रश्न : बर्मिंगहॅममध्ये मला लाल-पिवळ्या-काळ्या रंगांची रॅले रेसिंग सायकल विकत मिळते आहे. ती टीआय-रॅले या व्यावसायिक शर्यत-संघाच्या स्वारांसाठी बनलेली रेनॉल्ड्स ७५३ नळ्यांची खास फ्रेम आहे, असे विक्रेता सांगतो. खातरजमा कशी करावी?

उत्तर : संघासाठीच्या फ्रेम रॅलेच्या इल्केस्टन येथील छोट्या कार्यशाळेत, जेराल्ड ओडोनोव्हन यांच्या देखरेखीखाली, १९७४पासून बनू लागल्या. १९८०ची टूर द फ्रान्स योप झूटेमेल्क यांनी टीआय-रॅले संघाकडूनच जिंकली आणि त्यानंतर या रंगसंगतीची मोहिनी फार वाढली. अडचण अशी, की हेच रंग रॅलेने दुकानांत विकल्या जाणाऱ्या साध्या सायकलींनाही दिले, म्हणून रंगावरून काहीच ठरत नाही.

बॉटम ब्रॅकेटखालचा क्रमांक वाचावा. इल्केस्टनच्या फ्रेमचा क्रमांक ‘एसबी’ या अक्षरांनी सुरू होतो. तेथे ‘डब्ल्यू’ असेल, तर ती वर्कसॉप येथील कार्लटन कारखान्यातील, १९७०च्या दशकाच्या मध्यापासून पुढची फ्रेम आहे. कार्लटन ही कंपनी रॅलेने १९६०मध्ये घेतली होती. त्या फ्रेमही चांगल्या असतात, पण त्यांचे मोल वेगळे. बॉटम ब्रॅकेटची नळी ७१ किंवा ७६ मिलिमीटर रुंद आणि आटे दर इंचाला २६ असतील, तर ती नॉटिंगहॅमच्या मोठ्या कारखान्यातील सर्वसाधारण सायकल समजावी आणि सौदा तेथेच थांबवावा. रेनॉल्ड्स ७५३ ही उष्णता-प्रक्रिया केलेली अतिशय पातळ नळी असून ती कमी तापमानाला, चांदीच्या झाळाने जोडावी लागते. कारागिराने नमुन्याचा सांधा तपासून घेऊन मान्यता मिळवल्याशिवाय रेनॉल्ड्स ही नळी त्याला देत नसे. ‘एसबी’ क्रमांक असला, तरी इल्केस्टनमध्ये ५३१ नळ्यांच्या फ्रेमही बनत आणि गिऱ्हाइकांच्या मागणीवरूनही बनत. तेव्हा ‘इल्केस्टनची फ्रेम’ आणि ‘संघातील स्वाराने वापरलेली फ्रेम’ हे दोन वेगळे दावे आहेत. दुसऱ्या दाव्यासाठी जादा पैसे देण्यापूर्वी त्या क्रमांकाशी जुळणारा लेखी पुरावा मागावा.

प्रश्न : पुण्यात आमच्या घरी आजोबांची, बगळ्याच्या डोक्याचा बिल्ला असलेली रॅले सायकल आहे. ती जुनी रेसिंग सायकल असू शकेल का?

उत्तर : चाके २८ इंची, ब्रेक दांड्यांचे आणि पुढची नळी बरीच कललेली असेल, तर ती रेसिंग सायकल नसून रोजच्या वापराची रोडस्टर आहे. तिचे मूळ ठरवण्यासाठी बिल्ल्यावरील अक्षरे वाचावीत. ‘नॉटिंगहॅम, इंग्लंड’ असे असल्यास ती बहुधा आयात केलेली आहे. परंतु पन्नासच्या दशकापासून आसनसोल येथील सेन-रॅले कारखान्यात याच नावाच्या सायकली भारतात बनू लागल्या, म्हणून बिल्ला मागाहून बदललेला नाही ना, हेही पाहावे. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल, तर त्याच्या कवचावर सहसा वर्षाचे शेवटचे दोन आकडे कोरलेले असतात. चाक मूळचे असल्यास सायकलही त्याच सुमाराची समजायला हरकत नाही.