वेगमर्यादा आणि वाहतूककोंडी

प्रश्न : आमच्या नगरपालिकेने वर्दळीच्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरची वेगमर्यादा घातली आहे. त्यामुळे कोंडी वाढणार नाही का?

उत्तर : सहसा नाही. शहरात प्रवासाला लागणारा वेळ मुख्यतः चौकांत थांबावे लागण्यावर ठरतो, दोन चौकांमधील कमाल वेगावर नव्हे. त्यामुळे सिग्नलच्या वेळा जुळवणे आणि चौकालगतचे पार्किंग हटवणे अधिक उपयोगी पडते. शिवाय गतिज ऊर्जा (वाहनाच्या गतीमुळे त्यात असलेली ऊर्जा) वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी ५० किलोमीटर वेगातील धडकेत ३० च्या तुलनेत जवळजवळ पावणेतीनपट ऊर्जा असते, आणि रस्ता सुरक्षेवरील जागतिक परिषदेच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही पादचारी व वाहने एकत्र वावरतात तेथे ३० चीच मर्यादा सुचवली आहे. मात्र नुसत्या पाटीने वेग फारसा उतरत नाही. त्यासाठी मार्गिका अरुंद करून रस्त्यापेक्षा थोडी उंचावलेली पादचारी ओलांडणी बांधावी लागते.