टबाचा काठ किती उंच?

घर-दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं घर वरुड तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. 1994 साली संत्र्याला चांगला भाव मिळाला, तेव्हा सासऱ्यांनी हौसेनं न्हाणीत फायबरचा टब बसवला होता. आता तो तळाशी, पाणी जायच्या भोकाजवळ तडकला आणि पलीकडच्या खोलीच्या भिंतीला ओल आली. म्हणून न्हाणी नव्यानं करून राहिलो. यजमान म्हणतात टब काढून शॉवर लावू. सासूबाई 74 वर्षांच्या आहेत. हिवाळ्यात कोमट पाण्यात बसलं की त्यांचे गुडघे मोकळे होतात, त्यांना टब हवाच आहे. दुकानदारानं सहा फुटी ॲक्रिलिक टब दाखवला. गवंडी म्हणतो, टब अर्धा जमिनीत घाला म्हणजे आईला चढावं लागणार नाही. टबाच्या बाजूची भिंत साडेसहा फूट आहे. काय करावं?

उत्तर : ताई, टब ठेवा. सासूबाईंना त्याचा उपयोग आहे, एवढं कारण पुरे. पण गवंडीभाऊंचं ते जमिनीत घालायचं ऐकू नका. टब खाली गेला की त्याचं भोक तुमच्या जुन्या सांडपाण्याच्या पाइपाच्याही खाली जाईल. उतार मिळणार नाही आणि पाणी टबातच साचून राहील. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सासूबाईंना उठताना त्रास होईल. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढण्यापेक्षा खालून उठणं जड जातं. काठ खुर्चीएवढा उंच हवा, म्हणजे आधी टेकायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा.

म्हणून सहा फुटी नको, पाच फुटी घ्या. उरलेल्या दीड फुटात, नळाच्या उलट्या बाजूला, टबाच्या काठाला समपातळीत पक्का ओटा बांधा. प्लास्टर आणि टाइल्स धरून तो सव्वा फूट उरेल, बसायला तेवढा पुरतो. ओट्याला टबाकडे अगदी किंचित उतार द्या. शेजारच्या भिंतीवर स्टीलचा पकडायचा दांडा हवा, आणि तो टाइल्स लावायच्या आधी ठरवा, म्हणजे तिथे विटांचं काम भरीव करून घेता येईल. नुसत्या टाइलवर स्क्रूनं लावलेला दांडा ओल्या हातानं जोर दिला की निखळतो.

सासूबाईंना टबाच्या तळाशी बसवू नका. आत रबरी बुडाचा, सहा इंच उंच प्लास्टिकचा चौरंग ठेवा. लाकडी पाट नको, तो पाण्यावर तरंगतो. चौरंगावर बसून पाय पसरले की अर्ध्या टबातच गुडघे बुडतात. उठताना मात्र तुम्ही जवळ असा. त्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर किती गरम पाण्यात किती वेळ बसायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या.

पाण्याचा हिशेब असा. पाच फुटी टबात साधारण 150 लिटर पाणी लागतं, तुम्हाला त्याच्या निम्मं पुरेल. 75 लिटर पाणी 20 अंशांवरून 40 वर न्यायला पावणेदोन युनिट वीज लागते. पण 15 लिटरच्या गिझरमधून एका वेळी फार तर 30 लिटर कोमट पाणी निघतं. दुसरं तापेपर्यंत पहिलं थंड होतं. घरी तांब्याचा बंब असेल तर तो मोडीत घालू नका. नाही तर छतावर सौर हीटर बसवा. वरुडकडे बोअर किती खोल चालले ते तुम्हाला माहीतच आहे, म्हणून टबाचं पाणी परसातल्या केळी-अळूला जाईल असा वेगळा पाइप आताच काढून घ्या.

आता जुना टब का तडकला ते पाहा. तोडण्याआधी त्याच्या तळावर बोटांच्या पेरांनी वाजवा. पोकळ आवाज आला तर समजा, खाली आधारच नव्हता. पाणी आणि माणूस मिळून दोनशे किलो वजन, आणि तळ रोज दबून राहिला. बिडाचा टब दबत नाही, पण तो सव्वाशे किलोच्या पुढे असतो. काळ्या मातीवरच्या जुन्या फरशीला तो मी सुचवणार नाही. ॲक्रिलिकच ठीक आहे, दोन माणसं उचलतात. फक्त तो ओल्या मसाल्याच्या थरावर टेकवा, पायांवर अधांतरी ठेवू नका. मसाला वाळेपर्यंत टब पाण्यानं भरून ठेवा, आणि भिंतीलगतची फट बुजवणारी सिलिकॉनची रेघही तो भरलेला असतानाच ओढा.

हे मी अनुभवानं सांगतो आहे. मोर्शीकडच्या एका घरात मी रिकाम्या टबाला रेघ ओढली होती. महिन्याभरात वजनानं टब बसला, रेघेत केसाएवढी फट पडली आणि आतल्या खोलीतली तुरीची चार पोती खालून ओली झाली. ते सगळं काम मी माझ्या खर्चानं पुन्हा केलं. त्या घरच्या आजी मला एक शब्द बोलल्या नाहीत, पण ती पोती उन्हात पसरताना त्यांना पाहिलं ते मी विसरलो नाही.

फरशी उखडली की उघड्या जमिनीला वॉटरप्रूफिंग करून दोन दिवस पाणी साठवून ठेवा. पलीकडची भिंत कोरडी राहिली तरच पुढचं काम. टबाच्या बाजूला पाइपाच्या जोडाशी हात जाईल एवढं झाकण ठेवायला सांगा. आपल्या बोअरच्या जड पाण्यानं टबावर पांढरा थर येतो. तो अर्ध्या लिंबानं घासा, ॲसिड अजिबात लावू नका. ॲक्रिलिकची चकाकी गेली की परत येत नाही.

आणि अमरावतीला टब घ्यायला जाण्याआधी न्हाणीतच विटा रचून 17 इंचांचा तात्पुरता ओटा करा. त्यावर सासूबाईंना बसवून पाहा. दोन्ही तळवे पूर्ण टेकले तर ठीक. टाचा उचलल्या गेल्या तर उंची कमी करून पुन्हा बसवा. बरोबर जमेल ती उंची कागदावर लिहा आणि दुकानात तोच कागद घेऊन जा.