बुडालेल्या मशीनवर पैसे घालावेत का?

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही येलदरी धरणाच्या काठचे मच्छीमार. चौदा जणांत मिळून एक फायबरची होडी आहे. तिला ८ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (मागच्या फळीला बाहेरून लावायचं) मशीन लावलेलं. पाच वर्षांपूर्वी कोकणातून जुनंच आणलं होतं. गेल्या गणपतीत वाऱ्या-वावटळीत होडी बुडीत बाभळीच्या खोडाला धडकली अन् मशीन निसटून पाण्यात गेलं. दुसऱ्या दिवशी पोरांनी बुडी मारून काढलं. उन्हात ठेवून वाळवलं. मेकॅनिक अठरा दिवसांनी आला. त्यानं डिझेल घालून फिरवलं, चालू करून दिलं. आठ-दहा दिवस चाललं, मग ताकद कमी झाली, आतून खडखड यायला लागली. आता दोरी ओढली की मध्येच अडकायलीय. दुरुस्तीला ४२,००० सांगितलेत. तसलंच जुनं चालू मशीन कोकणात ७०,००० ला मिळायलंय, नवं पावणेदोन लाखाच्या घरात जातंय. आमच्यात दोन तट पडलेत. पैसा सगळ्यांचा आहे म्हणून विचारायलो. दुरुस्त करावं का बदलावं?
— एक वाचक, ता. जिंतूर

उत्तर : दादा, सगळ्यात आधी एक करा. ती दोरी आता कुणालाही ओढू देऊ नका. दोरी अडकते म्हणजे आत काहीतरी घासतंय, आणि प्रत्येक ओढीला ते वाढतंय. आज जे वाचण्यासारखं आहे ते उद्या राहणार नाही.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट मशीन बुडाल्याची नाही, अठरा दिवस उन्हात वाळवल्याची आहे. धरणाच्या गोड्या पाण्यात मशीन एक रात्र राहिलं तरी ते वाचतं. ते मरतं बाहेर काढल्यावर. टू-स्ट्रोकच्या क्रँकला, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली चालीनं गोल फिरणाऱ्या दांड्याला, वेगळं ऑइल नसतं. पेट्रोलमधून जेवढं ऑइल जातं तेवढ्यावर त्याची बेअरिंगं जगतात. पाण्यानं ते ऑइल धुऊन नेलं, वरून हवा लागली, की बेअरिंगच्या बारीक सुयांवर गंज धरायला फार वेळ लागत नाही. वरून मशीन कोरडं ठणठणीत दिसतं, पण क्रँकमधलं पाणी उन्हानं निघत नाही. डिझेल घातल्यानं पिस्टन सुटला, मशीन चालूही झालं, आणि त्या आठ-दहा दिवसांत गंजलेल्या बेअरिंगांनी क्रँक खाल्ला असावा. तुम्ही लिहिलेली खडखड मला तिथलीच वाटते.

काही वर्षांपूर्वी माजलगाव धरणावरच्या एका होडीचं मशीन असंच बुडालं. त्या लोकांनी मला फोन केला तेव्हा मी परभणीत दुसऱ्या कामात होतो. मी सांगितलं, काढल्यावर वाळवू नका, दोनशे लिटरच्या ड्रममध्ये स्वच्छ पाणी भरून मशीन त्यातच बुडवून ठेवा आणि तसंच टेम्पोत घालून आणा. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. पण आणलं. ड्रममधून काढल्या काढल्या आम्ही प्लग काढले, मशीन आडवं करून पाणी निथळवलं, कार्बोरेटर धुतला, प्लगच्या भोकांतून ऑइल सोडून हातानं फिरवलं आणि रात्री साडेदहाला ते चालू केलं. तासभर चालवूनच थांबलो, कारण आतला ओलावा इंजिनाच्या उष्णतेनंच जातो. ते मशीन अजून पाण्यावर आहे. मात्र मशीन चालू असतानाच बुडालं असेल तर लगेच फिरवायचं नाही. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन आणि क्रँक जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता तुमचा निर्णय. तो ४२,००० आणि ७०,००० यांच्या वजाबाकीवर घेऊ नका. तो क्रँकवर आहे, आणि क्रँक कसा आहे हे हजार-दोन हजारांच्या उघडणावळीत कळतं.

वरचं झाकण काढा, दोन्ही प्लग काढा. प्लगच्या टोकावर चंदेरी कण चिकटलेले दिसले तर पिस्टन घासला आहे. मग फ्लायव्हील, म्हणजे वरचं जड चाक, दोन्ही हातांनी धरून सावकाश फिरवा, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनंच. उलटं फिरवलं तर पाण्याच्या पंपाचं रबर मोडतं. प्लग नसताना ते लोण्यासारखं फिरायला पाहिजे. ओल्या वाळूत चाक फिरावं तशी खरखर हाताला लागली, तर ती बेअरिंगं. मग फ्लायव्हील बाजूंना हलवून पाहा. कडेला जाणवण्याइतका खुळखुळा असेल तर मेन बेअरिंग गेलं. एवढी परीक्षा तुम्ही स्वतः काठावर करू शकता. फ्लायव्हील मोकळं फिरत असेल तरच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, मोजा. मोटारसायकलवाल्याकडचा गेज चालतो. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा. आकडा किती आला यापेक्षा दोन्ही सिलिंडरांत फरक किती हे बघायचं. दहा टक्क्यांच्या वर फरक म्हणजे एक बोअर (पिस्टन ज्यात फिरतो ती सिलिंडरची आतली पोकळी) गेला असावा.

बोअर गेला असेल आणि क्रँक निकोप असेल, तर दुरुस्ती कराच. आतला बोअर लोखंडी स्लीव्हचा (नळीचा) असला, तर मोटारसायकलचे ब्लॉक बोअर करणारा लेथवाला तो करून देतो, ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर वाढीव मापाचे पिस्टन-रिंग मागवायचे. दोन्ही सिलिंडर एकदम करा. मी एकदा गिऱ्हाइकाचे पैसे वाचवायला एकच बोअर केला होता आणि क्रँक हातानं न तपासता मशीन बंद केलं. तिसऱ्या आठवड्यात क्रँक जाम झाला, नवा पिस्टनही घेऊन गेला. त्या माणसाचा सगळा हंगाम गेला. तेव्हापासून क्रँक बघितल्याशिवाय मी कुणाला खर्चाचा आकडा सांगत नाही.

म्हणून तुमच्या मेकॅनिकला विचारा, या ४२,००० मध्ये क्रँक आणि बेअरिंगं धरली आहेत का? सुटे सुटे लिहून मागा. हा क्रँक दाबून जोडलेला असतो. तो खोलून परत सरळ रेषेत बसवायला प्रेस आणि नजर दोन्ही लागतात, आणि असं काम करणारा आपल्याकडे शोधावा लागतो. अख्खा क्रँक नवा घ्यायचा तर सगळ्या दुरुस्तीत तोच महाग. तो धरला नसेल तर तुमचे ४२,००० साठाच्या पुढे जातील, आणि मग जुन्याच मशीनवर तेवढं घालण्यात अर्थ नाही.

हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडेल तेव्हा आणखी एक जागा बघा. मशीन कोकणातलं आहे, खाऱ्या पाण्यात चाललेलं. सिलिंडरभोवती पाणी फिरायच्या वाटा पांढऱ्या खारानं भरलेल्या असतात. पॅकिंग बसतं ती कड खाऱ्यानं पोखरली असेल, तर क्रँक चांगला असूनही मी तो ब्लॉक धरणार नाही. गिअर पेटीचा खालचा स्क्रू सैल करा: आधी पाणी आलं किंवा ऑइल दुधाळ आलं तर सील गेलं. बहुतेक वेळा पंख्यामागे नायलॉन जाळ्याचा धागा गुंडाळलेला सापडतो, तोच सील कापतो. हे काम स्वस्तातलं, घाबरू नका.

तुमच्या पत्रावरून मला क्रँक गेलेला वाटतो. तसं निघालं तर ७०,००० चं मशीन बघायला जा, पण पैसे घेऊन जाऊ नका. पहिल्या दिवशी फक्त बघा. थंड मशीनवर हीच फ्लायव्हीलची आणि कॉम्प्रेशनची परीक्षा घ्या, मालकानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर थंड होईपर्यंत बसा. मागून पाण्याची धार जोरात येते का बघा, आणि होडीला लावून, तीन-चार माणसं बसवून चालवून बघा. शाफ्टची लांबी तुमच्या होडीच्या मागच्या फळीला जुळते ना हे मोजून जा, १५ इंच का २० इंच. आणि मशीन रॉकेलवर चालवलेलं आहे का हे स्पष्ट विचारा. किनाऱ्यावर तशी पुष्कळ आहेत. आपल्याकडे रॉकेल आणणार कुठून?

नव्याला माझा विरोध नाही, पण येलदरीत पाणी किती महिने असतं ते मोजा. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात मांजरा धरणावरच्या एका होडीचं नवंकोरं मशीन मी बघितलं होतं. वर्षभर बसून, कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा डिंक झालेला. पावणेदोन लाख घालायचे असतील तर खरेदीआधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन सोसायटीच्या नावावर अनुदान बसतं का विचारा. मंजुरीच्या आधी पावती फाडली तर अनुदान हातचं जायची भीती असते.

कोणतंही मशीन आलं तरी पेट्रोलमध्ये ऑइल मापानंच: ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली, त्या मशीनच्या पुस्तकात वेगळं लिहिलं नसेल तर. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओलावा धरतं. पंधरा दिवस होडी निघणार नसेल तर कार्बोरेटर रिकामा करा. काळ्या मातीचा गाळ पाण्याच्या पंपाचं रबर लवकर खातो, ते दरवर्षी बदला.

तट पडलेत म्हणता, तर हेड उघडताना दोन्ही बाजूंचा एकेक माणूस समोर उभा करा. फ्लायव्हील दोघांनाही हातानं फिरवून बघू द्या. आणि नवं-जुनं जे येईल त्याला पहिल्या दिवशी बोटभर जाडीची नायलॉनची दोरी बांधा, एक टोक मशीनला, दुसरं होडीच्या कड्याला. क्लॅम्पचे स्क्रू हादऱ्यानं सैल होतातच. रोज सकाळी निघायच्या आधी ते पिळून बघायचं काम चौदांपैकी एकाच्या नावावर ठेवा.