‘हवी’ आणि ‘हवीच’

जुनी गाडी स्वस्तात मिळते आहे, पण तिच्यात काम बरेच निघेल; घ्यावी की सोडून द्यावी? हा प्रश्न समुपदेशकाकडे येईल असे मला पूर्वी वाटले नसते. परंतु गेल्या काही वर्षांत तो इतक्या जणांनी, इतक्या सारख्या शब्दांत विचारला आहे की, त्यावर एकदा सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटले. माणसे झोप लागत नाही किंवा घरात कुरबुरी वाढल्या आहेत म्हणून येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत कळते की, सगळी कुरबूर एका गाडीवरून चालली आहे.

ओळख पटू नये एवढे तपशील बदलून एक अनुभव सांगते. पस्तिशीचे एक गृहस्थ रुग्णालयात पाळीने काम करीत असत आणि रात्रपाळी संपल्यावर घरी परतण्याची त्यांची सोय नव्हती. त्यांनी पाहिलेली गाडी 14 वर्षे जुनी, 1,30,000 किलोमीटर चाललेली होती. क्लच घसरत होता, पुढचे सस्पेन्शन खडखडत होते आणि दोन टायर गुळगुळीत झाले होते. किंमत मात्र मोहात पाडणारी होती. पहिल्याच दिवशी ते एक वही घेऊन आले, ज्यात डाव्या पानावर दुरुस्त्या आणि उजव्या पानावर त्यांचा अंदाजे खर्च लिहिलेला होता. पुढच्या तीन भेटींत ही यादी तीन वेळा नव्याने मांडली गेली. डावे पान तेच राहिले. उजवीकडची बेरीज प्रत्येक वेळी थोडी कमी होत गेली.

स्वतःच्या योजनेला लागणारा वेळ माणूस बहुधा कमी धरतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्येच मांडले आहे; खर्चाचेही तसेच होते. तरीही मी त्यांना ती घट लगेच दाखवली नाही. आकड्यांवर वाद घातला की माणूस आकडे दुरुस्त करतो आणि मनातली गोष्ट तशीच राहते, असा माझा अनुभव आहे. पाचव्या भेटीत मी एवढेच विचारले, “गाडी मेकॅनिकला दाखवली का?”

“अजून नाही.”

“तुम्ही मेहुण्यांना विचारलेत, सहकाऱ्यांना विचारलेत, मलाही विचारलेत. ज्याला उत्तर देता येईल, तो एकटाच राहिला.”

त्यांनी वही मिटली आणि पेनाचे टोपण कितीतरी वेळा उघडले, लावले. मी काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “तो नको म्हणाला तर? मला ती गाडी हवीच आहे, मॅडम.”

या कामात अशा क्षणाची वाट पाहावी लागते आणि तो आला की ओळखताही यावा लागतो. पाच आठवडे ज्याला आम्ही दोघेही गोंधळ समजत होतो, तो खरे तर पक्का झालेला निर्णय होता. त्याला कोणी हात लावू नये एवढीच त्यांची धडपड होती. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून हेच आग्रहाने मांडले की, ‘असले तर बरे’ याचे ‘असलेच पाहिजे’ झाले की माणूस वास्तवाकडे पाहायला घाबरू लागतो. मराठीत हा सगळा फरक एका ‘च’मध्ये मावतो, हे मला त्या दिवशी जितके स्पष्ट दिसले तितके पूर्वी कधीच दिसले नव्हते.

मी त्यांना वहीत एक वाक्य लिहायला सांगितले : ‘ही गाडी मला हवी आहे, नाही मिळाली तर वाईट वाटेल, आणि मी दुसरी शोधीन.’ त्यांनी ते दोनदा मोठ्याने वाचले आणि म्हणाले, “हे वाचल्यावर मेकॅनिकला फोन करावासा वाटतो.”

हाच प्रश्न मनात घोळत असेल, तर आधी तो ‘च’ शोधा; मग गाडी तपासणे सोपे जाते. मेकॅनिक विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा. गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन थंड असावे, कारण आधीच तापवून ठेवलेले इंजिन पुष्कळ खोड लपवते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. दाट पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, इंधन जळते तिथे शिरत असण्याची शंका घ्यावी. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा पट्टा, बदलल्याची नोंद नसेल तर तो बदललेला नाही असेच धरावे, कारण तो तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच उघडावे लागते. टायर कधी बनला हे सांगणारा चार अंकी आकडा त्याच्या कडेवर असतो. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा.

कामे किती आहेत याहून ती कोणत्या जातीची आहेत, हे मला महत्त्वाचे वाटते. क्लच, सस्पेन्शन, टायर, ब्रेक यांचा खर्च आधी विचारून घेता येतो. सांगाड्याला लागलेला गंज, गिअरबॉक्सचा आवाज किंवा वारंवार तापणारे इंजिन यांचा नेमका खर्च उघडल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. किंमत, लगेचची दुरुस्ती आणि पहिल्या वर्षासाठी राखलेली रक्कम यांची बेरीज करून ती तशाच, पण चालू स्थितीतल्या गाडीच्या किमतीशेजारी ठेवावी. कुठे थांबायचे तो आकडा पहिला पाना फिरण्याआधीच लिहून ठेवावा, कारण एकदा पैसे घातले की ‘एवढे घातले, आता थोडेच राहिले’ हा विचार भल्याभल्यांना ओढत नेतो. रात्रपाळीहून परतायला दुसरे साधन नसेल, तर गाडी गॅरेजमध्ये असण्याचे दिवसही हिशोबात धरावेत.

त्या गृहस्थांनी अखेर गाडी दाखवली, तेव्हा मेकॅनिकला ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला; कूलंट ऑइलमध्ये मिसळत असल्याची ती खूण असू शकते. थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्यांमुळे साठलेल्या ओलाव्यानेही असे होते, म्हणून खात्रीसाठी त्याने कूलंटची गळती शोधणारी प्रेशर टेस्ट सुचवली. मालकाने नकार दिला आणि गृहस्थ तिथूनच परतले. दोन दिवस फार वाईट वाटले, असे त्यांनी सहाव्या भेटीत सांगितले. मग त्यांनी वही उघडली. डाव्या पानावर दुसऱ्या एका गाडीच्या दुरुस्त्या होत्या आणि उजवीकडचे आकडे या वेळी मेकॅनिकच्या अक्षरात होते.