गूगल डॉक्समध्ये तिघं मिळून पेपर लिहितोय, वर्डमध्ये डाउनलोड केला तर झोटेरोची सगळी सायटेशन्स मेली. आता काय करायचं?

आधी एक दिलासा देतो, तुमची सायटेशन्स, म्हणजे झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने मजकुरात टाकलेले संदर्भ, बहुतेक मेलेली नाहीत. तुम्ही लिहिलंय की गाईडनी वर्ड फाईल मागितली, तुम्ही फाईल मेनूतून डाउनलोड करून पाठवली, त्यांनी करेक्शन्स करून परत पाठवली आणि आता त्यात एकही सायटेशन झोटेरो ओळखत नाहीये. पण मेलंय ते त्या डाउनलोड केलेल्या कॉपीत, मूळ गूगल डॉक तसाच असणार. तो उघडा, कुठल्याही सायटेशनवर क्लिक करा आणि झोटेरोच्या मेनूतून ॲड-एडिट सायटेशन दाबा. वर जी पट्टी येते तिच्यात त्या लेखाचं नाव दिसलं की समजा जिवंत आहे. मग गाईडच्या करेक्शन्स एकेक करून मूळ डॉकमध्ये हाताने घ्या, कंटाळवाणं काम आहे पण ती वर्ड फाईल परत ड्राइव्हवर चढवून त्यावर पुढे लिहायला लागू नका, प्लीज.

हे असं का होतं ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. आपल्याला कंसात आडनाव आणि वर्ष दिसतं ते फक्त वरचं कव्हर आहे. लेखाची खरी माहिती मागे लपलेली असते. वर्डमध्ये ती फील्डच्या, म्हणजे मजकुरामागे लपवलेल्या कोडच्या, पोटात असते, ऑल्ट आणि एफ ९ दाबून बघा एकदा, कंसातलं आडनाव गायब होऊन तिथे ॲडिन झोटेरो आयटम असं सुरू होणारा भलामोठा कोड दिसेल (परत तेच दाबलं की पूर्ववत). गूगल डॉक्सला तशी फील्ड्स नाहीत, तिथे झोटेरो सायटेशनवर एक लिंक लावतं आणि माहिती त्या डॉकमध्येच वेगळी साठवतं. म्हणून नुसतं डाउनलोड केलं की कव्हर येतं आणि पोट मागे राहतं, आणि उलटंही तसंच, झोटेरोवाली वर्ड फाईल सरळ गूगल डॉक्समध्ये उघडली की फील्ड्स जातात.

इकडून तिकडे न्यायचंच असेल तर त्यासाठी झोटेरोने वेगळा रस्ता दिलाय जो फार लोकांना माहीतच नसतो. गूगल डॉक्समध्ये झोटेरो मेनूत स्विच वर्ड प्रोसेसर्स असं आहे. आधी डॉकची एक कॉपी करा आणि त्या कॉपीवरच ते दाबा, कारण सगळी सायटेशन्स विचित्र दिसणाऱ्या लांबलचक मजकुरात बदलतात आणि बघून धडकी भरते. ती कॉपी वर्ड म्हणून डाउनलोड करायची, वर्डमध्ये उघडून झोटेरोचं रिफ्रेश दाबायचं, की सगळी परत जिवंत. वर्डमधून डॉक्सकडे यायचं तर हाच पर्याय डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये सापडेल. मात्र ड्राइव्हवर चढवलेली फाईल आधी गूगल डॉक्स म्हणून सेव्ह करा, नावाशेजारी डॉक्एक्सचा शिक्का असेल तोवर झोटेरो तिथे चालत नाही.

आता तिघांचा प्रश्न, आणि खरी गडबड इथेच होते असं माझं मत आहे. आम्ही चौघं दुष्काळी भागातल्या विहिरींवर एक पेपर लिहीत होतो. आमच्यातल्या एकाच्या लॅपटॉपवर झोटेरो कनेक्टर, म्हणजे ब्राउझरला झोटेरो जोडणारं एक्स्टेन्शन, नव्हता, त्याने एक अख्खा परिच्छेद कट करून चर्चेच्या भागात पेस्ट केला, वाचायला एकदम छान झालं, आणि दुसऱ्या दिवशी मी रिफ्रेश केलं तर त्या परिच्छेदातली सगळी सायटेशन्स केशरी. केशरी म्हणजे कव्हर आहे पण मागचा धागा तुटलाय. आम्ही रात्री बसून ती परत टाकली, आणि घाईत एका बाईंनी कित्येक उन्हाळे विहिरींची पाणीपातळी मोजून काढलेला निष्कर्ष दुसऱ्याच माणसाच्या नावावर गेला. प्रूफ वाचताना ते दिसलं म्हणून वाचलो. तेव्हापासून मी याबाबतीत फार काटेकोर झालोय कारण सायटेशन म्हणजे कुणाच्यातरी मेहनतीची नोंद आहे, ती चुकीच्या नावावर गेली तर नंतर कोण शोधायला बसणार.

म्हणून तिघांच्याही ब्राउझरमध्ये कनेक्टर हवाच, आणि ज्याच्याकडे नाही त्याने टायपिंग करावं, कमेंट टाकावी, पण सायटेशन असलेला मजकूर हलवू नये. मोबाईलवरून तर नकोच नको. सायटेशनचं स्पेलिंग वगैरे चुकलं असेल तर तिथल्या तिथे टाइप करून दुरुस्त करू नका, झोटेरोमध्ये त्या नोंदीत दुरुस्त करा आणि रिफ्रेश करा.

दुसरं म्हणजे ग्रुप लायब्ररी, म्हणजे झोटेरोमधला तिघांचा सामायिक संदर्भसाठा. प्रत्येकाने आपापल्या लायब्ररीतून सायटेशन टाकलं की एकच लेख झोटेरोला दोन वेगळे लेख वाटतात आणि शेवटच्या संदर्भयादीत तो २०१९ए आणि २०१९बी असा दोनदा येतो. एक ग्रुप बनवा, तिघं त्यातूनच टाका. फुकट जागा ३०० एमबी असते पण ती पीडीएफसाठी, नुसत्या नोंदी कितीही ठेवता येतात, तर पीडीएफ ड्राइव्हवर ठेवून द्या. आणि मराठी संदर्भ असतील तर पहिल्याच दिवशी ठरवा की नावं देवनागरीत की रोमनमध्ये. आमच्यात एकाने देवनागरीत टाकली, दुसरीने रोमनमध्ये, आणि एकच लेखक यादीच्या दोन टोकांना जाऊन बसला. आडनावाच्या रकान्यात फक्त आडनाव, वडिलांचं नाव पहिल्या नावासोबत, हेही बघा, कारण लायब्ररीच्या कॅटलॉगमधून आपोआप आलेल्या नोंदींत बऱ्याचदा अख्खं नाव एकाच रकान्यात कोंबलेलं असतं.

डॉक मोठा झाला आणि प्रत्येक सायटेशनला मिनिटभर लटकायला लागला तर डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये ऑटोमॅटिक अपडेट बंद करा, शेवटी एकदाच रिफ्रेश मारा.

जर्नलला पाठवताना लिंक्स काढायला अनलिंक सायटेशन्स वापरा, पण तेही कॉपीवरच, कारण ते केल्यावर परत येता येत नाही, आणि रिव्ह्यूअरने दोन नवे संदर्भ घाला म्हटलं की तुम्हाला जिवंत कॉपीच लागणार.

तुमच्या मूळ डॉकमध्येही काही केशरी सापडली तर व्हर्जन हिस्टरीत जा, तो परिच्छेद हलवण्याआधीची तारीख उघडा, तिथे कुठल्या वाक्याला कुठला संदर्भ होता ते बघत बघत शेजारच्या खिडकीत एकेक परत टाका. दोघं बसा, एकाने वाचायचं आणि एकाने टाकायचं. अडलात तर इथेच खाली लिहा, मी बघतो.